केडगावला उतरल्यावर

पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी तुम्हाला केडगावला उतरवते. साल १९००, उन्हाळा ऐन भरात. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून तुमच्याबरोबर दोन बायका उतरतात. अंगावर साधी सुती लुगडी, डोळे जागरणाने लाल. त्यांच्यामागून मुली उतरू लागतात. आधी पाच-सहा, मग आणखी, मग डबा रिकामा होईपर्यंत उतरतच राहतात. एकीने दुसरीचा हात धरलेला, दुसरीने तिसरीचा. सगळ्यांत धाकटीला कडेवर घ्यायला तुम्ही वाकता आणि दचकता, कारण तिला वजनच नाही. तिचा गुडघा मांडीपेक्षा जाड दिसतो. केस तांबूस पडलेत, ओठांच्या कडा चिरल्यात.

या मुली गुजरातेतून आल्यात. मागच्या वर्षी तिकडे पावसाने तोंडच दाखवलं नाही. संवत १९५६ चं वर्ष, म्हणून तिकडची माणसं या दुष्काळाला ‘छप्पनियो’ म्हणतात, आणि पुढच्या कित्येक पिढ्या म्हणत राहणार आहेत. आधी गुरं गेली. मग बियाण्याचं धान्य खाऊन झालं. मग घराला कडी घालून माणसं सरकारच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, आणि तिथे कॉलऱ्याने गाठलं. या पोरींचे आईबाप त्याच वाटेवर कुठेतरी राहिले. अशा वाटेवर एकट्या पडलेल्या मुलीकडे दोन प्रकारची माणसं येतात. या दोन बायका वेळेत पोचल्या म्हणून बरं, एवढंच आत्ता म्हणायचं.

ज्यांना चालवत नाही त्यांना बैलगाडीत बसवतात, बाकीच्या पायीच. तुम्ही धाकटीला घेऊन चालू लागता. आजूबाजूचं रान तांबडं-करडं, कुठे हिरवी काडी नाही, आणि मग एकदम झाडं दिसतात. बागेसाठी म्हणून घेतलेली ही शंभरेक एकर जमीन. आता तिथे दगडी इमारतींच्या लांबच लांब रांगा उभ्या राहताहेत, काहींवर अजून छप्पर चढायचं आहे. प्रार्थनामंदिराच्या भिंती वर येताहेत. जागा पुरत नाही म्हणून मध्ये तट्ट्यांच्या झोपड्या उठवल्यात. विहिरींवर सकाळपासून पाणी शेंदणं चाललंय. वर्ष संपेपर्यंत या आवारात राहणाऱ्यांचा आकडा दोन हजारांच्या घरात जाईल. याचं नाव मुक्ती सदन.

फाटकातच एक ठेंगणी बाई उभी आहे. वय बेचाळीस. पांढरं सुती लुगडं, कापलेले आखूड केस, पिंगट डोळे. तुम्ही नमस्कार करून काहीतरी बोलता, तर ती कान पुढे करते. तिला कमी ऐकू येतं. डॉक्टर व्हायचं म्हणून ती एके काळी इंग्लंडला गेली होती, ते याच कानांमुळे राहून गेलं. तुम्ही कोण, कुठले, चर्चला जाता की देवळात, यातलं काहीही पंडिता रमाबाई तुम्हाला विचारत नाही. कडेवरच्या पोरीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघते आणि म्हणते, “हिला आधी आंघोळ. मग पेज. आणि तुम्ही तिथंच थांबा, हात लागतील.”

तर आता तुम्ही कडुलिंबाच्या पाल्याचं कढत पाणी बादलीत विसणता आहात. मुलींच्या अंगावर खरूज आहे, डोक्यात उवा आहेत, पायांच्या जखमांत माती बसली आहे. ज्या फडक्याने एक जखम पुसली ते दुसरीला लावायचं नाही, हे तुम्हाला शेजारची बाई ओरडून सांगते. जुनं लुगडं अंगाला चिकटून बसलंय, ते ओढायचं नाही, पाणी टाकून टाकून सोडवायचं. वास येतो. तो येणारच. तुमची मान वळते आणि तुम्ही ती परत आणता. इथे श्रद्धा म्हणतात ती या घटकेला एवढीच आहे, मान परत आणण्याएवढी. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे. तिथे हिशेब होतो तो कोणी कोणाला खाऊ घातलं, पाणी दिलं, अंगावर कापड टाकलं, आजाऱ्याकडे गेलं याचा. मंत्र किती पाठ होते हा प्रश्न तिथे येत नाही. ज्या बाईला हजारो श्लोक मुखोद्गत आहेत तिने हा अध्याय कसा वाचला असेल, ते या मोरीवर उभं राहिलं की समजतं.

मग पेज. तांदूळ शिजून पार विरघळलेला, चवीपुरतं मीठ. मोठ्या पातेल्यातून ती वाटीत येते, आणि वाटी अर्धीच भरायची. पोरी ती एका घोटात संपवतात आणि पुन्हा वाटी पुढे करतात. तुमचा हात आपोआप पळीकडे जातो, तेवढ्यात एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी तुमचं मनगट धरते. “नाही. तासाभराने. आत्ता दिलंत तर मरेल.” ती बोलते मराठीच, पण तिच्या मराठीला हिंदीचं वळण आहे. उपाशी आतड्याला एकदम भरपूर अन्न सोसत नाही, आणि दुष्काळात कितीतरी माणसं अन्न मिळाल्यावर दगावतात, हे तिला पुस्तकातून कळलेलं नाही. ती १८९७ साली मध्य प्रांतातून इथे आली, अशाच एका घोळक्यात, अशाच अवस्थेत. तिच्या पुढ्यातली वाटीसुद्धा कोणीतरी अशीच काढून घेतली होती, तेव्हा तिने त्या बाईच्या हाताला चावा घेतला होता. आता तिच्याकडे चार लहान पोरी सोपवल्यात. त्यांना उठवायचं, नेऊन आणायचं, रात्री कोणी किंचाळत उठली की जवळ घ्यायचं, आणि जमेल तसं अक्षर शिकवायचं.

एक पोर भाकरीचा तुकडा ओच्यात लपवते. तुम्ही पाहता. ती मुलगीही पाहते, आणि काही बोलत नाही. “राहू दे,” ती तुम्हाला हळूच सांगते, “उद्या पण मिळते हे कळलं की आपोआप सुटतं.”

हे सगळं रमाबाईला कुठून कळलं, असं तुम्हाला वाटत असेल तर १८७० च्या दशकात मागे चला. मद्रास इलाखा. इथेही दुष्काळ आहे. अनंतशास्त्री डोंगरे नावाचे एक वृद्ध पंडित बायको-मुलांसह तीर्थयात्रेवर पुराणं सांगत हिंडताहेत. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून या माणसाने एके काळी विद्वानांचा रोष पत्करला, आणि मग त्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, रानातल्या घरात पहाटे धाकट्या रमेला संस्कृत शिकवलं. होतं नव्हतं ते दानधर्मात गेलंय. दागिने, भांडी, चांगली वस्त्रं विकून झालीत. मजुरी येत नाही आणि मागायला जीभ रेटत नाही. रानात पानं आणि पाणी यांवर दिवस निघताहेत. आधी बाप जातो, मग आई, मग थोरली बहीण.

त्या आईच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही एका अनोळखी दारात उभे आहात, तरुण रमेच्या मागे. आईला तापात खायला हवंय. रमेला एक भाकरी मागायची आहे आणि शब्दच फुटत नाहीत. घरातली बाई काय हवं म्हणून विचारते, पुन्हा विचारते. शेवटी ती कसंबसं बोलते, आणि हातावर बाजरीच्या भाकरीचा तुकडा पडतो. तो घेऊन ती परत येते, पण आईच्या अंगात आता खाण्याचंही बळ उरलेलं नाही. पुढे प्रेत उचलायला माणसं मिळत नाहीत. दोघे ब्राह्मण दया येऊन पुढे होतात, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. ती इतकी बुटकी की ताटी खांद्यावर घेतली तर तिरकी होते, म्हणून ती आपलं टोक डोक्यावर घेते. मसणवट तीन मैलांवर आहे.

मग बहीण-भाऊ चालत सुटतात, दक्षिणेतून थेट पंजाब-काश्मीरपर्यंत. थंडीत झेलम नदीच्या काठी पांघरायला काही नाही, तेव्हा ते कोरड्या वाळूत कबरीएवढे खड्डे खणतात, आत झोपतात आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतात. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्यावर तिथले विद्वान या मुलीचं संस्कृत ऐकून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणतात. दोन वर्षांत भाऊ जातो. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी ती लग्न करते, आणि १८८२ च्या सुरुवातीला कॉलरा त्यालाही नेतो. मांडीवर लेक मनोरमा, वय एक वर्षही नाही. पुण्यात आर्य महिला समाज, हंटर कमिशनसमोर साक्ष, आणि मग इंग्लंडची बोट. हे सारं चरित्रांतून वाचता येईल. तुम्हाला मी थांबवणार आहे ते लंडनच्या फुलम भागातल्या एका घरात, १८८३ साली.

ज्या बायकांना समाजाने ‘बिघडलेल्या’ म्हणून टाकून दिलं त्यांच्यासाठी इथे वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या जोगिणी एक घर चालवतात. रमाबाई ते बघायला आलीय. इथे कोणी त्या बायकांना नाकं मुरडत नाही. त्यांच्याशी आपुलकीने बोलतात, काम शिकवतात, आणि त्यांतल्याच काहीजणी सावरून आता दुसऱ्यांची काळजी घेताहेत. रमाबाई हे पाहून खिळून राहते. तिला ठाऊक असलेल्या धर्मशास्त्रांत अशा बाईसाठी दंड होता, घर नव्हतं. तुम्ही हे का करता, असं ती विचारते, तेव्हा एक जोगीण तिला योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवते. विहिरीवर भर दुपारी एकटी पाणी भरायला आलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाई बाप्तिस्मा घेते. मात्र बाप्तिस्म्यानंतरही तिची मान ताठच राहिली. त्याच जोगिणींशी तिने सिद्धांतांवरून वाद घातले, चर्चच्या अधिकाऱ्यांची आज्ञा म्हणून काहीही मानायला नकार दिला, शाकाहार सोडला नाही, लुगडं सोडलं नाही. तिने ख्रिस्त स्वीकारला तो त्या घरात चाललेल्या कामावरून, आणि जन्मभर तो त्याच मापाने मोजला. तिच्याबद्दल इतकं वाचल्यावर माझ्या मनात हे पक्कं बसलंय.

आता तुमच्या मनात धर्मांतराचा जो प्रश्न केव्हाचा घोळतोय त्याकडे येऊ. १८८९ च्या मार्चमध्ये रमाबाईने मुंबईत विधवा मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, तीच पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं ठरलं होतं. पण रमाबाईच्या प्रार्थनेच्या खोलीचं दार उघडं असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. १८९३ साली ‘केसरी’ने रान उठवलं, रानडे आणि भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडलं, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादातला एक आक्षेप रास्त आहे: पोरक्या, भुकेल्या मुलीला धर्म निवडण्याची मोकळीक कितीशी असते? केडगावात तर तटस्थतेचा प्रश्नच उरला नाही, मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती आहे. हा आक्षेप झटकून टाकू नका. पण जेव्हा तो घ्याल तेव्हा याच मोरीवर, याच पोरीचा पाय हातात धरून घ्या, आणि त्या साली तिच्या वाटेवर आणखी कोण उभं होतं हेही बघा.

कारण रमाबाई ते बघून आली होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा आधी ती कचरली. पैसे नव्हते, जागा नव्हती, आणि वीसेक वर्षांपूर्वीचं सगळं डोळ्यांपुढे येत होतं. तरी गेली. सरकारी अन्नछत्रांत आणि कामांवर जाऊन तिने पाहिलं, तिथल्या तरुण मुलींना हेरत दलाल कसे फिरतात, घासभर अन्नासाठी त्यांना काय काय करायला लावतात. तीनशे मुली आणायच्या असं तिने ठरवलं, आणि त्यांच्या पोटाची सोय हाताशी नसताना आणल्या. नेमका तेव्हाच पुण्यात प्लेग. नव्या मुलींना शहरात ठेवायला मनाई झाली, म्हणून बागेच्या या जमिनीवर तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्तीची सुरुवात ती अशी, अडचणीतून. त्याच प्लेगात इस्पितळांतून बायकांची जी हेळसांड होत होती तिच्याविरुद्ध रमाबाईने ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिलं. प्रश्न थेट विलायतेच्या पार्लमेंटात गेला आणि मुंबईच्या गव्हर्नरने तिचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला. साहेबाच्या धर्मात गेली म्हणून साहेबापुढे गप्प बसली, असं निदान कोणी म्हणू नये.

चला, परत आवारात. दुपार कलली आहे आणि तुम्हाला सगळीकडे फिरवायला तीच मध्य प्रांताची मुलगी आहे. तिच्या चार पोरी तिच्या पदराला धरून मागे. हातमागांच्या खोलीत खटखट चालू आहे, इथल्या अंगावरचं बरंचसं कापड इथेच विणलं जातं. पलीकडे शिवण, तेलाचा घाणा, गोठा. कोणी भाजीला पाणी घालतंय, कोणी दळतंय. बसून खाणारं इथे कोणीच नाही, आजारी आणि अगदी लहान सोडून. कृपा सदन थोडं वेगळं ठेवलंय. ज्यांना दलालांनी आधीच गाठलं होतं अशा मुली आणि बायका तिथे राहतात. तिथे उगाच डोकावायचं नाही, ती मुलगी बजावते, आणि बरोबर बजावते. म्हाताऱ्या आणि अपंगांसाठी प्रीती सदन आहे.

आंधळ्या मुलींच्या घराचं नाव बार्तीमी सदन, येरीहोच्या वाटेवर हाका मारत बसलेल्या त्या आंधळ्या भिकाऱ्याच्या नावावरून. मनोरमेने ब्रेल शिकून घेतलं आणि ते ती या मुलींना शिकवते. एक मुलगी जाड कागदावर बोटं फिरवत वाचत बसलेली असते, आणि तिच्या शेजारी दुसरी, नुकतीच आलेली. पहिलीने दुसरीचं बोट आपल्या हातात धरलंय, एका ठिपक्यावर ठेवलंय, थोडं दाबलंय, उचललंय, पुन्हा ठेवलंय. डोळस शिक्षक जवळपास कोणी नाही, आणि त्या दोघींना त्याची गरजही दिसत नाही.

इथवर आल्यावर या जागेची रीत तुमच्या ध्यानात येऊ लागते. जिने काल घेतलं ती आज देते, आणि ते उपकार फेडायचे म्हणून नाही, तर तिच्याइतकं हे काम दुसऱ्या कोणाला कळतच नाही म्हणून. बोस्टनहून पैसे येतात, अमेरिकेतून मिशनरी मिनी अब्राम्स आली आहे, सुंदराबाई पवारांसारख्या सहकारी आहेत, ते सगळं लागतंच. पण पेजेची वाटी अर्धी भरायची हे बोस्टनला माहीत नाही. सेवा करणारे वर आणि घेणारे खाली, अशी जी उतरंड आपण मनात धरून चालतो, ती इथे तीन वर्षांत उलटून जाते. मी जिथे जिथे ख्रिस्ती सेवेची कामं पाहिली, तिथे जी मला खरी वाटली त्यांत ही उलटापालट होतीच. आणि जिथे घेणारा पिढ्यान्‌पिढ्या घेणाराच राहिला, तिथे कितीही मोठी घंटा वाजत असली तरी काहीतरी चुकलं होतं.

पुढच्या काळात इथे छापखाना चालेल, तोही बायकाच चालवतील. खिळे जुळवणं, यंत्रावर कागद चढवणं, बांधणी, सगळं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेईल, इथल्या बायकांना वाचून कळेल अशा साध्या मराठीत, आणि त्यावर वर्षानुवर्षं खपेल. १९२१ च्या जुलैत मनोरमा जाईल, आईच्या आधी. तरी मुद्रितं तपासणं थांबणार नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई जाईल, आणि संपूर्ण बायबल छापून बाहेर येईल १९२४ मध्ये.

आज मात्र संध्याकाळच्या टपालाने गुजरातेतून पत्र आलंय. आणखी मुली आहेत, लवकर माणसं पाठवा. जेवणानंतर ओसरीवर सगळ्या जमतात. कोणीतरी रमाबाईच्या कानाशी तोंड नेऊन पत्र पुन्हा मोठ्याने वाचतं. किती पोती ज्वारी शिल्लक आहे, झोपायला कुठे, तट्टे किती लागतील, असा हिशेब सुरू होतो आणि जमत नाही. प्रार्थना होते. त्यानंतर पुन्हा तोच हिशेब, आणि तो तरीही जमत नाही. रमाबाई म्हणते, “आणू या.” सकाळी आलेल्या दोघींतली एक आजारी पडली आहे. तिच्या जागी कोण जाणार, असा प्रश्न येतो तेव्हा मध्य प्रांताची मुलगी उठून उभी राहते.

“पण तुला गुजराती कुठं येतं?”

“अजून गाडीला वेळ आहे, बाई.”

आणि ती तुमच्याकडे वळते, तुमच्या मांडीवर पेंगणाऱ्या धाकटीला हलवून जागी करते. पाण्याला काय म्हणता तुम्ही? भाकरीला? घाबरू नकोस, असं कसं म्हणायचं? पोर डोळे चोळत एकेक शब्द सांगते. ही तो म्हणते आणि चुकवते. पोर मान हलवते, पुन्हा सांगते. हिच्या चार पोरीही आता पुढे सरकून शब्द घोकू लागल्यात, आणि धाकटी प्रत्येकीला दुरुस्त करत, दटावत, पुन्हा म्हणायला लावते आहे.